जुन्या क्षयरोग रुग्णालयांची चिनी मातीची भांडी कशी ओळखावीत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, अमळनेर आणि धुळे येथील जुन्या बाजारांत व भंगाराच्या दुकानांत गेली अनेक वर्षे मी संस्थांसाठी बनवलेली चिनी मातीची भांडी पाहत आणि जमवत आलो आहे. त्यांतील क्षयरोग रुग्णालयांच्या भांड्यांविषयी सर्वांत जास्त विचारणा होते आणि सर्वांत जास्त चुकीची माहितीही त्यांच्याविषयीच पसरलेली आहे. म्हणून नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

क्षयरोग रुग्णालयांना वेगळ्या भांड्यांची गरज का पडली?

रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला; पण त्यावर खरोखर गुण देणारे औषध मिळण्यास आणखी साठ वर्षे लागली. स्ट्रेप्टोमायसिन 1943 साली सापडले आणि आयसोनियाझिड 1952 पासून वापरात आले. तोपर्यंत मोकळी हवा, सक्तीची विश्रांती आणि सकस आहार हाच उपचार होता, आणि तो सहा महिने, वर्ष, कधी दोन-तीन वर्षेही चालत असे. रुग्ण तिथे अक्षरशः राहायलाच येत असल्यामुळे त्याचे जेवण हा औषधोपचाराचाच भाग होता. दूध आणि अंडी यांवर विशेष भर असे, आणि म्हणूनच अशा संस्थांच्या भांड्यांत दुधाचे मोठे मग आणि अंड्याचे छोटे कप इतर रुग्णालयांपेक्षा जास्त आढळतात.

ही भांडी प्रत्येक जेवणानंतर उकळली जात, त्यामुळे घरगुती नाजूक कपबशी तिथे महिनाभरही टिकली नसती. रुग्णांची भांडी कर्मचाऱ्यांच्या भांड्यांत मिसळू नयेत आणि संस्थेबाहेर जाऊ नयेत, यासाठी त्यांवर नाव, अक्षरे किंवा रंगीत पट्टी घालून घेत. आपण आज जो शिक्का कौतुकाने पाहतो तो मुळात वेगळेपण राखण्यासाठी होता, हे ध्यानात ठेवले की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

हाती आलेली बशी संस्थेची आहे की घरगुती, हे आधी कसे ठरवावे?

नाव वाचण्याआधी बशी हातात तोलून पाहावी. संस्थांसाठीचा माल जाड, जड आणि गोलाकार काठाचा असतो, कारण काठ हीच टवका उडण्याची पहिली जागा असते. त्याची माती उच्च तापमानाला इतकी भाजलेली असते की ती आतून काचेसारखी घट्ट होते. अमेरिकेतील हॉटेलांसाठीच्या अशा मालात पाणी शोषण्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी असावे, असा दंडक होता. परीक्षा सोपी आहे : बशी उलटी करून बुडाच्या कडीवर झिलई (वरचा काचेसारखा चकचकीत थर) नसलेला खरबरीत भाग शोधावा आणि तिथे पाण्याचा थेंब ठेवावा. थेंब तसाच राहिला तर माती घट्ट भाजलेली आहे. जिरू लागला आणि तिथे ओलसर डाग पडला तर ती साधी, सच्छिद्र माती आहे. अशा साध्या मातीच्या जुन्या भांड्यांच्या झिलईवर केसासारख्या बारीक चिरांचे जाळेही बहुधा दिसते.

दुसरी खूण नक्षीची. उन्हात बशी तिरकी धरून रंगीत पट्टीवरून बोट फिरवावे. रंग झिलईच्या खाली असेल तर पृष्ठभाग सलग गुळगुळीत लागतो. वर असेल तर पट्टीची कड बोटाला जाणवते आणि चमचे लागून ती जागोजागी झिजलेली असते. रोज उकळावयाच्या भांड्यांवर नाव झिलईखाली घालणेच शहाणपणाचे होते, आणि भट्टीची उष्णता सहन करणारे रंग मोजकेच असल्यामुळे गडद निळा व हिरवा हे दोन रंग या मालात वारंवार भेटतात.

बुडावरच्या शिक्क्यावरून वर्ष काढता येते का?

नेमके वर्ष क्वचितच निघते. मात्र कालखंड बहुतेक वेळा काढता येतो. सर्वांत उपयोगी पडते ते देशाचे नाव. अमेरिकेच्या 1890 च्या जकात कायद्यामुळे तिथे जाणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव घालणे भाग पडले, म्हणून नुसते ‘इंग्लंड’ असलेला शिक्का साधारण 1891 नंतरचा आणि ‘मेड इन इंग्लंड’ असलेला बहुतेक विसाव्या शतकातला धरतात. ‘निप्पॉन’ (म्हणजे जपान) असेल तर 1921 पूर्वीचा, ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर महायुद्धानंतरच्या 1952 पर्यंतच्या काळातला, आणि ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर 1918 नंतरचा. ब्रिटिश मालावर पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचे नोंदणीचिन्ह असेल तर ते 1842 ते 1883 मधील, आणि नोंदणी क्रमांक असेल तर 1884 नंतरचे. मात्र नोंदणीची तारीख ही नमुन्याची असते. बशी त्यानंतर कितीही वर्षांनी बनलेली असू शकते.

संस्थांना माल पुरवणाऱ्या ब्रिटिश कारखान्यांपैकी ग्रिंडली, डन बेनेट आणि जॉन मॅडॉक ही स्टॅफर्डशायरमधील नावे आपल्याकडे दिसतात. अमेरिकन मालात बफेलो पॉटरीच्या शिक्क्यात रानरेडा असतो आणि शेनँगोच्या शिक्क्यात भांडे रंगवणारा मूळनिवासी. सिरॅक्यूज चायना बनवणाऱ्या कारखान्याने तर अक्षरे आणि आकडे यांच्या संकेताने उत्पादनाची तारीखच शिक्क्यात नोंदवली. लाल-तपकिरी रंगात सर्प गुंडाळलेला दंड आणि त्याबरोबर अमेरिकन सैन्याच्या वैद्यकीय विभागाचे नाव असलेल्या बशाही अधूनमधून निघतात. दुसऱ्या महायुद्धानंतर शिल्लक लष्करी सामानाचे मोठे लिलाव झाले होते. हा माल त्या वाटेने आलेला असू शकतो. तो लष्करी रुग्णालयाचा असतो. त्याला क्षयरोग रुग्णालयाचा म्हणण्यास दुसरा पुरावा लागेल.

देशी मालात कलकत्त्याची बेंगॉल पॉटरीज, ग्वाल्हेर पॉटरीज आणि सौराष्ट्रातील परशुराम पॉटरी वर्क्स ही नावे लक्षात ठेवावीत. खान्देशातल्या सार्वजनिक संस्थांच्या कपाटात देशी मालच सापडण्याची शक्यता जास्त. तरीही विलायती शिक्का दिसला की लोक हरखतात आणि देशी शिक्क्याची बशी बाजूला सारतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

शिक्क्यातल्या मजकुरात खान्देशापुरत्या काही खुणा आहेत का?

आहेत, आणि त्या फार कामाच्या आहेत. खान्देश जिल्ह्याचे 1906 साली पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आणि 1960 साली त्यांना जळगाव व धुळे ही नावे मिळाली. त्यामुळे गावाच्या नावापुढे ‘पू. खा.’ किंवा ‘प. खा.’, अथवा त्यांची इंग्रजी आद्याक्षरे ‘ई. के.’ किंवा ‘डब्ल्यू. के.’ असतील, तर ते भांडे त्या चौपन्न वर्षांतले मानण्यास हरकत नाही. धुळ्याचे नाव ‘धुलिया’ असे लिहिलेले असेल तर तीही जुनी खूण आहे. ‘मुंबई सरकार’ असा उल्लेख 1 मे 1960 पूर्वीचा. उलट ‘जिल्हा नंदुरबार’ असे छापलेले असेल तर ते 1 जुलै 1998 नंतरचे, कारण तो जिल्हाच त्या दिवशी अस्तित्वात आला. मुकुट आणि राजाची आद्याक्षरे स्वातंत्र्यापूर्वीची, तर अशोकस्तंभाचे सिंह 26 जानेवारी 1950 पासूनच्या राजमुद्रेतले. बाणाच्या टोकासारखी खूण सरकारी मालमत्तेची होती. तिचा रुग्णालयाशी आपोआप संबंध जोडू नये.

रेल्वेचाही विचार करावा लागतो, कारण भुसावळच्या आसपास मिळणारी निम्मीअधिक संस्थात्मक भांडी, माझ्या पाहण्यानुसार, रेल्वेची असतात. ‘जी. आय. पी.’ (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) ही अक्षरे मध्य रेल्वे स्थापन होण्यापूर्वीची, म्हणजे 5 नोव्हेंबर 1951 च्या आधीची. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार ही गावे तापी खोऱ्याच्या मार्गावर असल्यामुळे तिकडे ‘बी. बी. अँड सी. आय.’ (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे) अशी अक्षरे भेटतात; ती रेल्वेही त्याच दिवशी पश्चिम रेल्वेत विलीन झाली. रेल्वेची बशी उपाहारगृहातली की रुग्णालयातली, हे नुसत्या अक्षरांवरून ठरत नाही. आकार पाहावा लागतो.

बशीवर ‘टी. बी.’ अशी स्पष्ट अक्षरे आहेत. मग शंका कशाला?

कारण इंग्रजी अमदानीत ‘टी. बी.’ म्हणजे ‘ट्रॅव्हलर्स बंगलो’, अर्थात प्रवाशांसाठीचा सरकारी बंगला, असाही अर्थ होता. दक्षिणेकडे हा शब्द आजही लोकांच्या तोंडी आहे. तशीच गफलत ‘सी. एच.’ या अक्षरांची. ती सिव्हिल हॉस्पिटलची असतील किंवा सर्किट हाउसची. मी स्वतः या चुकीत सापडलो आहे. एका विक्रेत्याने शपथेवर सांगितल्यामुळे सहा बशांचा संच मी क्षयरोग रुग्णालयाचा म्हणून घेतला, त्याचे टिपण केले, दोन ठिकाणी तसे सांगितलेही. पुढे त्याच नमुन्याचा, तीच अक्षरे असलेला टोस्ट ठेवण्याचा दांडीदार स्टँड आणि लोणच्याचे भांडे पाहण्यात आले, आणि तो संच बंगल्याच्या खानसाम्याच्या कपाटातला असल्याची खात्री पटली. ज्यांना चुकीचे सांगितले होते त्यांना पुन्हा जाऊन खरे सांगावे लागले.

‘सॅनेटोरियम’ हा शब्द तरी पुरेसा आहे ना?

तोही पुरेसा नाही. मुंबई इलाख्यात हा शब्द दोन अर्थांनी चालत असे. पाचगणीचे बेल-एअर किंवा मिरजेजवळचे वानलेसवाडी येथील सॅनेटोरियम ही क्षयरोगासाठीची ठिकाणे. पण देवळालीसारख्या हवेच्या ठिकाणी पारशी, गुजराती आणि इतर समाजांनी आपल्या लोकांसाठी बांधलेली विश्रांतिगृहेही सॅनेटोरियमच म्हणवली गेली. तिथे कुटुंबे सुट्टीला जात. जळगाव-चाळीसगावकडून आगगाडीने देवळाली जवळ असल्यामुळे तिथली भांडी आपल्याकडे येणे अगदी स्वाभाविक आहे. नावात दात्याचे किंवा समाजाचे नाव आणि पुढे सॅनेटोरियम असेल, तर आधी विश्रांतिगृह असल्याचे गृहीत धरून तपास करावा.

मग खात्रीची खूण कोणती?

दोन आडव्या दांड्या असलेला क्रूस ही सर्वांत जवळची खूण. बर्लिन येथे 1902 साली भरलेल्या आंतरराष्ट्रीय क्षयरोग परिषदेत पॅरिसचे डॉ. झिल्बेर सेर्सिराँ यांनी हे चिन्ह क्षयविरोधी लढ्यासाठी सुचवले आणि ते जगभर रूढ झाले. आपल्याकडे 1939 साली स्थापन झालेल्या भारतीय क्षयरोग संघटनेनेही ते स्वीकारले. त्या संघटनेची तिकिटे शाळेत विकत घेतल्याचे अनेक वडीलधाऱ्यांना आठवत असेल. बशीच्या काठावर किंवा मधोमध हे चिन्ह संस्थेच्या नावासह असेल तर ओळख जवळजवळ पक्की समजावी. मात्र ते केवळ बुडावर, कारखान्याच्या शिक्क्यात असेल तर घाई करू नये, कारण हाच क्रूस युरोपातील राजचिन्हांतही आहे आणि दुसऱ्या महायुद्धात स्वतंत्र फ्रान्सच्या सैन्याचेही ते चिन्ह होते.

नाव नसेल तर आकारावरून काही कळते का?

हा भाग मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, कारण आकार सहसा खोटे बोलत नाही. निजून असलेल्या रुग्णाला दूध किंवा पेज पाजण्यासाठीचा तोटीचा कप असे. त्याचा वरचा अर्धा भाग झाकलेला असतो, म्हणजे कप कलता झाला तरी अंगावर सांडत नाही. औषध मोजण्याच्या पेल्यांवर औंस आणि ड्राम यांच्या रेघा असतील तर तो दशमान पद्धती रूढ होण्यापूर्वीचा, म्हणजे ढोबळमानाने 1960 च्या आधीचा. मिलिलिटर असतील तर नंतरचा. वाफ घेण्याचे नेल्सनचे भांडे, म्हणजे बुटकी सुरई, तिला हवेसाठी एक नळी आणि तोंडात बूच व काचेची नळी, हे एकोणिसाव्या शतकापासून लंडनच्या मॉ कंपनीने विकले. ते खोकला-दम्याच्या घरगुती रुग्णांनीही वापरले.

क्षयरोग रुग्णालयाची विशेष वस्तू म्हणजे झाकणाचे थुंकीपात्र. फाल्केनश्टाइनचे डॉ. डेट्वायलर यांनी 1889 साली खिशात ठेवण्याची निळ्या काचेची थुंकीची कुपी प्रचारात आणली; खाटेशेजारी ठेवण्यासाठी मात्र चिनी मातीचे किंवा इनॅमलचे पात्र असे. पान खाणाऱ्यांची पिकदाणी आणि हे पात्र यांत गल्लत होते. पिकदाणीचे तोंड पसरट आणि मान बारीक असते. रुग्णालयाचे पात्र सरळ उभे, मुठीच्या कपासारखे, झाकण बिजागरीचे किंवा बसते, आणि आतून पांढरेशुभ्र असते, म्हणजे थुंकीत रक्त असल्यास लगेच दिसावे.

आमच्याकडे निळ्या काठाचे इनॅमलचे टमरेल आणि ताट आहे. तेही याच वर्गातले का?

ते चिनी मातीचे नाही. लोखंडी पत्र्यावर काचेचा थर भाजून चढवलेला असतो. पण वापराच्या दृष्टीने तेच अधिक खरे आहे. आपल्याकडील सार्वजनिक रुग्णालयांत गरीब रुग्णांच्या वाट्याला बहुधा इनॅमलच आले. त्यामुळे नुसत्या चिनी मातीचाच शोध घेणाऱ्याच्या हाती रुग्णालयाचा अर्धाच इतिहास लागतो. काळा टवका उडालेले ताटही जपून ठेवावे.

अशा भांड्यांपासून रोग होण्याची भीती आहे का?

नाही. क्षयाचे जंतू खोकल्यातून, शिंकेतून आणि बोलण्यातून हवेत जातात आणि हवेतूनच दुसऱ्याच्या फुप्फुसात शिरतात. ताट-वाटीतून, पेल्यातून हा रोग पसरत नाही. त्यातून साठ-सत्तर वर्षे कोरडी पडलेली बशी तर पूर्ण निर्धोक आहे; साबणाने स्वच्छ धुणे पुरे. हे मी आवर्जून सविस्तर लिहितो, कारण आपल्या घराघरांत क्षयाच्या माणसाची कपबशी वेगळी ठेवण्याची रीत होती, काही ठिकाणी अजूनही आहे. सुनेची, विधवा आत्याची, शेतावरच्या सालदाराची कपबशी कोनाड्यात पालथी ठेवलेली अनेकांनी पाहिली असेल. त्या माणसाला गरज होती ती वेळेवर आणि पूर्ण मुदतीच्या औषधांची.

त्यांत जेवावे का?

जेवू नये, पण कारण वेगळे आहे. जुन्या झिलईत आणि वरच्या रंगांत शिसे असू शकते, आणि लिंबू, चिंच, ताक, लोणचे अशा आंबट पदार्थांत ते उतरते. चिरा पडलेल्या झिलईत तर धोका अधिक.

स्वच्छ कशी करावीत?

कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड. कपडे पांढरे करण्याचे रसायन वापरू नये. ते चिरांतून आत जाते, वाळताना आत त्याचे क्षार जमतात आणि झिलई पापुद्र्यासारखी सुटते. तारेच्या घासणीने झिलईवरचे नाव निघून जाते. माझ्याकडच्या एका मगावरचे सोनेरी अक्षर असे एका मिनिटात गेले आणि त्याबरोबर त्याची ओळखही गेली.

रुग्णालयातील भांडी बाजारात कशी आली? मूळ सिद्ध कसे करावे?

मद्रासमध्ये 1956 साली सुरू झालेल्या आणि 1959 साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले की घरी राहून घेतलेली औषधे सॅनेटोरियममधल्या उपचाराइतकीच गुणकारी ठरतात. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम 1962 साली सुरू झाला आणि दीर्घ मुक्कामाची गरज ओसरत गेली. त्याच सुमारास स्टीलची भांडी आली. जुना माल आधी कोठीत गेला, मग निर्लेखित होऊन, म्हणजे साठ्याच्या नोंदीतून कमी होऊन, लिलावात निघाला.

म्हणूनच सर्वांत भक्कम पुरावा कागदाचा असतो. संस्थेची डेडस्टॉक नोंदवही, जिला सरकारी मराठीत जडवस्तू संग्रह नोंदवही म्हणतात, तिच्यात खरेदीची तारीख, नग, पुरवठादार आणि निर्लेखनाचा आदेश असतो. अशी नोंद, बशीवरचा शिक्का आणि त्याच संस्थेच्या जुन्या छायाचित्रातला तोच नमुना, या तीनपैकी दोन गोष्टी जुळल्या तरच मी माझ्या टिपणात ‘क्षयरोग रुग्णालय’ असे लिहितो. एकच जुळली तर ‘रुग्णालय’, आणि एकही नसेल तर ‘संस्था’ एवढेच. पश्चिम खान्देशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन या ख्रिस्ती संस्थेचे काम होते, त्यामुळे त्या भागात एखादी स्वीडिश बशी, म्हणजे नांगराच्या शिक्क्याची गुस्ताव्सबर्ग किंवा तीन मुकुटांची रोर्श्ट्रांड, निघाली तर मिशनच्या बंगल्याचा विचार आधी करावा.

जुने भांडे परदेशी संग्राहकाला विकता येईल का?

शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू 1972 च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्याखाली येऊ शकते आणि पुरावशेष देशाबाहेर पाठवण्यास खासगी व्यक्तीला मनाई आहे. संस्थेची मालमत्ता रीतसर निर्लेखित झाली होती का, हेही विकण्यापूर्वी पाहावे.

आजोबांची वेगळी ठेवलेली बशी घरात आहे. तिच्यावर शिक्का नाही, नाव नाही. ती ठेवावी का?

अवश्य ठेवावी. ती कोणत्या रुग्णालयातून आली हे बहुधा सिद्ध होणार नाही, आणि ती तिथली नसेलही. घरातल्याच सहापैकी एक बाजूला काढलेली असेल. पण ती कोणी वापरली, कोणत्या वर्षापासून, कुठे ठेवत, कोण धूत असे आणि आजोबा औषधाला कुठल्या गावी गेले, हे सांगू शकणारे कोणी घरात असेल तर त्यांच्याजवळ याच आठवड्यात बसावे. त्यांच्या शब्दांत लिहून घ्यावे, खाली तारीख घालावी आणि तो कागद मऊ कापडात गुंडाळून बशीबरोबरच ठेवावा. बशीवर चिकटपट्टी लावू नये. डिंकाचा डाग झिलईच्या चिरांत उतरतो आणि मग निघत नाही.